गव्हर्नरच्या प्रायमरीचे बाजारभाव कसे वाचायचे: न्यू जर्सी २०२५ च्या आधाराने

१० जून २०२५ ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची गव्हर्नरपदासाठीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, झाली. सहा उमेदवार होते. मिकी शेरिल जिंकल्या, त्यांना मतं मिळाली साधारण ३४ टक्के. म्हणजे दर तीन मतदारांपैकी दोघांनी दुसऱ्याच कुणाला तरी मत दिलं. तरीही मतदानाआधी प्रेडिक्शन मार्केटमध्ये, म्हणजे निकालाच्या अंदाजांवर पैसे लावतात त्या बाजारात, त्यांचा भाव बाकीच्या पाचही जणांपेक्षा खूप वर होता, आणि यात विसंगती काहीच नव्हती. सहा जणांच्या लढतीत एक उमेदवार तीस टक्के मतांच्या पुढे आणि बाकीचे दहा-वीस टक्क्यांच्या घरात असतील, तर पहिल्याची जिंकण्याची शक्यता ऐंशी-नव्वद टक्केही असू शकते.

स्क्रीनवर दिसतो तो आकडा जिंकण्याच्या शक्यतेचा असतो, मतांच्या वाट्याचा नसतो. हे एकदा पक्कं बसलं की अर्धं काम झालं. व्हॉट्सअॅपवर फिरणारे स्क्रीनशॉट पाहून न्यू जर्सीतल्या एडिसनपासून पुण्यापर्यंत जी चर्चा चालते, त्यातला बहुतेक गोंधळ इथेच होतो. उरलेलं अर्धं काम असं की तो आकडा किती भरवशाचा आहे, हे दर वेळी तपासायचं. ते कसं करायचं, ते पायरी-पायरीने मांडतो.

आधीच एक सांगून ठेवतो. हा लेख भाव वाचण्यासाठी आहे, पैसे लावण्यासाठी नाही. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यानंतर अशाच अंदाजांवर पैसे लावू देणाऱ्या 'प्रोबो'सारख्या देशी कंपनीनेही पैशांचे व्यवहार बंद केले. अमेरिकेत नियम वेगळे आहेत आणि त्यावर कोर्टकचेऱ्याही चालू आहेत. पण भाव सगळ्यांना फुकट दिसतात, आणि अमेरिकेचं राजकारण समजून घ्यायला ते नीट वाचता आले तर फार उपयोगी पडतात.

पायरी १: भाव म्हणजे काय ते समजून घ्या

कॉन्ट्रॅक्ट साधं असतं. 'अमुक उमेदवार प्रायमरी जिंकेल' असा प्रश्न. 'येस' घेणाऱ्याला उत्तर खरं ठरल्यास १ डॉलर मिळतो, खोटं ठरल्यास शून्य. तो आज ६८ सेंटला विकला जात असेल, तर बाजाराच्या मते शक्यता साधारण ६८ टक्के. त्याच प्रश्नाचा 'नो' ३२ सेंटच्या आसपास असतो, कारण दोन्ही मिळून एक डॉलर होतो.

आपल्याकडे निवडणुकीच्या काळात फलोदीच्या सट्टाबाजाराच्या बातम्या वाचायची सवय असलेल्यांनी इथे सावध राहावं. तिथे भाव जितका कमी, तितका उमेदवार मजबूत. इथे बरोबर उलटं आहे. ९० सेंट म्हणजे जवळजवळ नक्की, ३ सेंट म्हणजे आशा सोडलेली.

हे बाजार काही काल-परवा आलेले नाहीत. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये संशोधनासाठी छोट्या रकमांचा बाजार सुरू केला. २०१४ मध्ये प्रेडिक्टइट आलं, न्यूझीलंडच्या एका विद्यापीठाच्या आधाराने. पॉलीमार्केट २०२० चं, क्रिप्टोवर चालणारं. काल्शी ही अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाची मान्यता असलेली कंपनी, पण निवडणुकांवरच्या सौद्यांसाठी तिला त्याच नियामकाविरुद्ध कोर्टात जावं लागलं. सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल काल्शीच्या बाजूने लागला आणि त्यानंतर अमेरिकेत हे सौदे उघडपणे वाढले. हे लक्षात ठेवायचं कारण असं की २०१८ च्या प्रायमरीचा भाव आणि २०२५ च्या प्रायमरीचा भाव यांच्यामागचा पैसा आणि माणसं एकसारखी नाहीत. जुन्या अनुभवावरून आजच्या बाजाराला सरसकट चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही.

पायरी २: त्या राज्याची प्रायमरी कशी होते ते आधी पाहा

मला ही सगळ्यात महत्त्वाची पायरी वाटते, आणि नेमकी हीच लोक गाळतात. आपल्याकडे तिकीट दिल्लीतून किंवा मुंबईतून येतं. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुतेक ठिकाणी मतदार ठरवतात, पण ठरवण्याची रीत दर राज्यात वेगळी. गव्हर्नर हा राज्याचा कारभार चालवणारा, आपल्या मुख्यमंत्र्याच्या वजनाचा माणूस, त्यामुळे या रीतीचे नियम पक्षांनी आणि राज्यांनी आपापल्या सोयीने घडवलेले असतात.

न्यू जर्सीत ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, टक्केवारी कितीही असो. दुसरी फेरी नाही. मतदार त्या पक्षाचा नोंदणीकृत असावा लागतो, पण कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार मतदानाच्या वेळी पक्ष सांगून मत देऊ शकतो. अशा राज्यात सहा उमेदवार असले की ३० टक्क्यांच्या आसपासची घट्ट मतं असलेला उमेदवार भारी पडतो.

जॉर्जियात ५० टक्क्यांच्या वर कुणीच गेलं नाही, तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २०१८ च्या रिपब्लिकन प्रायमरीत केसी केगल यांना पहिल्या फेरीत सुमारे ३९ टक्के मतं होती, ब्रायन केम्प यांना साधारण २५. दुसऱ्या फेरीच्या सहा दिवस आधी, १८ जुलैला ट्रम्प यांनी केम्प यांना पाठिंबा जाहीर केला. केम्प ६९ टक्के घेऊन जिंकले. पहिल्या फेरीतली आघाडी पाहून ज्यांनी केगल यांचा विजय गृहीत धरला, त्यांनी नियम अर्धाच वाचला होता.

कॅलिफोर्नियात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या निवडणुकीत जातात. तिथे 'कोण पुढे जाईल' या प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं असतात, त्यामुळे सगळ्या भावांची बेरीज १०० नव्हे, २०० च्या आसपास यायला हवी. मेनमध्ये प्रायमरीला पसंतीक्रमाने मतदान असतं, तिथे दुसऱ्या पसंतीची मतं निकाल फिरवू शकतात. आणि व्हर्जिनियाच्या रिपब्लिकन पक्षाने २०२१ मध्ये सर्वसाधारण प्रायमरी घेतलीच नाही, नाव नोंदवलेल्या प्रतिनिधींचं पसंतीक्रमाने मतदान घेतलं. त्यातून ग्लेन यंगकिन आले.

न्यू जर्सीत आणखी एक स्थानिक गोष्ट होती. २०२४ पर्यंत राज्याच्या २१ पैकी १९ काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) 'काउंटी लाइन' नावाची पद्धत होती. काउंटीच्या पक्षसंघटनेने ज्यांना पाठिंबा दिला, ती सगळी नावं मतपत्रिकेवर एकाच ठळक रांगेत. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या अँडी किम यांनी याविरुद्ध केंद्रीय कोर्टात दाद मागितली आणि मार्चअखेर न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. पुढे ती सगळीकडूनच गेली आणि २०२५ ची गव्हर्नर प्रायमरी अनेक दशकांत पहिल्यांदा लाइनशिवाय झाली. 'संघटना ज्याच्यामागे, तो जिंकणार' हा जुना हिशेब आता किती लागू पडतो, ते बाजारालाही अंदाजानेच ठरवावं लागलं. जिथे जुना आधार तुटलेला असतो, तिथे भावातल्या आत्मविश्वासाकडे मी थोडं संशयाने पाहतो.

पायरी ३: प्रश्नाखालची बारीक अक्षरं वाचा

प्रत्येक बाजाराखाली निकाल कसा ठरवला जाईल ते लिहिलेलं असतं. वृत्तसंस्थेने विजेता जाहीर केल्यावर, की अधिकृत निकाल प्रमाणित झाल्यावर? उमेदवाराने माघार घेतली तर काय? आणि प्रश्न 'प्रायमरी कोण जिंकेल' असा आहे, की 'पक्षाचा उमेदवार कोण असेल' असा?

शेवटच्या दोन प्रश्नांत फरक काय, असं वाटेल. न्यू जर्सीनेच तो दाखवून दिलाय. २००२ मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी रॉबर्ट टॉरिचेली यांच्याकडे होती. ३० सप्टेंबरला त्यांनी माघार घेतली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, पक्षाने फ्रँक लॉटनबर्ग यांना उभं केलं आणि ते निवडूनही आले. जूनमध्ये उमेदवारी मिळवलेला एक, नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर दुसरा. दोन प्रश्नांचे भाव दोन-तीन सेंटने वेगळे दिसले, तर बाजार चुकलाय असं म्हणण्याआधी नियम पाहा.

पायरी ४: बेरीज करा

सगळ्या उमेदवारांचे 'येस'चे भाव लिहून काढा. समजा (हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतलेत) सहा जणांचे भाव ७१, १४, ८, ५, ४ आणि ३ आहेत. बेरीज १०५. एकच माणूस जिंकणार असल्याने शक्यतांची बेरीज १०० च असायला हवी. म्हणून प्रत्येक भावाला १०५ ने भागा आणि १०० ने गुणा. ७१ चे ६७.६ होतात, १४ चे १३.३, ८ चे ७.६, ५ चे ४.८, ४ चे ३.८ आणि ३ चे २.९.

पण इथे थांबू नका. हे जादाचे ५ सेंट सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. तळातल्या उमेदवारांचे भाव बहुधा फुगलेले असतात, आणि त्यामागे पैशाचं साधं गणित आहे. २ सेंटवर असलेला उमेदवार हरणार हे तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे असं समजा. त्याच्याविरुद्ध 'नो' घ्यायला ९८ सेंट गुंतवायचे, निवडणुकीपर्यंत आठ महिने अडकवून ठेवायचे आणि शेवटी मिळवायचे २ सेंट. बँकेत ठेवले तरी त्याहून जास्त मिळतील. त्यामुळे तो २ सेंटचा भाव खाली ढकलायला कुणी येतच नाही. म्हणून १ ते ३ सेंटच्या उमेदवारांना मी मनातल्या मनात जवळजवळ शून्य धरतो आणि वरच्या दोघा-तिघांचाच हिशेब करतो. निवडणूक जवळ येईल तसा हा फुगवटा कमी होतो.

पायरी ५: भावाच्या मागे किती माल आहे ते पाहा

प्रायमरीच्या बाजारात ही पायरी गाळली तर बाकी सगळं वाया जातं. राष्ट्राध्यक्षपदाच्या बाजारात कोट्यवधी डॉलर खेळतात. राज्याच्या प्रायमरीत, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारावर, फारच थोडे.

ऑर्डर बुक, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी उभ्या असलेल्या सौद्यांची यादी, उघडा. समजा एका उमेदवाराचं चित्र असं आहे: विकत घ्यायला तयार असलेल्यांची सगळ्यात वरची बोली १२ सेंट, ४० कॉन्ट्रॅक्टसाठी. विकणाऱ्यांकडे १९ सेंटला ६० कॉन्ट्रॅक्ट, त्यानंतर २२ सेंटला ३००, आणि मग एकदम २७ सेंटला थोडे. पॉलीमार्केटवर दिसणारा आकडा हा वरची बोली आणि खालची विक्री यांचा मध्य असतो. इथे १२ आणि १९ चा मध्य १५.५, म्हणून स्क्रीनवर १५-१६ टक्के दिसतं. प्रत्यक्षात मात्र त्या भावाला एकही सौदा होत नाहीये.

आता कुणी तरी येऊन ३६० कॉन्ट्रॅक्ट उचलले. ६० गुणिले १९ सेंट म्हणजे ११ डॉलर ४० सेंट. ३०० गुणिले २२ सेंट म्हणजे ६६ डॉलर. एकूण ७७ डॉलर ४० सेंट. आता बोली १२ वर आणि विक्री २७ वर, मधलं अंतर १५ सेंट. अंतर १० सेंटच्या वर गेलं की पॉलीमार्केट मध्याऐवजी शेवटच्या सौद्याचा भाव दाखवतं, म्हणजे २२. एका संध्याकाळी 'अमुकची शक्यता १५ वरून २२ टक्क्यांवर, बाजारात मोठी हालचाल' अशी पोस्ट फिरायला लागते, आणि त्यामागे असतो दोन माणसांच्या जेवणाच्या बिलाएवढा पैसा.

म्हणून माझा नियम असा: बिड (वरची बोली) आणि आस्क (खालची विक्री) यांच्यातलं अंतर ३ सेंटपेक्षा जास्त असेल, तर मी एक आकडा लिहीत नाही, पट्टा लिहितो. '१२ ते १९'. आणि भाव पाच सेंट हलवायला किती डॉलर लागतील ते पाहतो. काहीशे डॉलर पुरत असतील, तर त्या हालचालीला बातमी म्हणत नाही. एकूण व्हॉल्यूमचा मोठा आकडा पाहून फसू नका. तो सुरुवातीपासून आजपर्यंतच्या सगळ्या सौद्यांचा असतो, आत्ता बाजारात किती माल उभा आहे ते त्यातून कळत नाही.

पायरी ६: हालचाल आणि घटना शेजारी-शेजारी लिहा

भावाचा आलेख पाहताना दर मोठ्या चढ-उताराला विचारायचं: त्या दिवशी काय झालं? न्यू जर्सीत अशा तारखा ठळक होत्या. ९ मे २०२५ ला नेवार्कचे महापौर रास बराका यांना स्थलांतरितांच्या डिटेन्शन सेंटरबाहेर अटक झाली आणि ते देशभर चर्चेत आले. प्रायमरीत ते सुमारे २० टक्के मतांसह दुसरे आले. त्याच सुमारास, १२ मे ला, ट्रम्प यांनी रिपब्लिकन बाजूला जॅक चिटरेली यांना पाठिंबा दिला. तिथे रेडिओवरचे बिल स्पेडिया त्यांना आव्हान देत होते. पाठिंबा आला आणि लढत संपल्यात जमा झाली. चिटरेली यांना दोन तृतीयांशाहून जास्त मतं पडली.

या दोन घटनांचं वजन सारखं नाही. रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचा पाठिंबा ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात भारी वस्तू आहे. केम्प यांच्या बाबतीत तेच झालं, आणि त्याच वर्षी फ्लोरिडात सुरुवातीला पुढे असलेल्या अॅडम पुटनम यांना मागे टाकून रॉन डिसँटिस यांना उमेदवारी मिळाली, तेव्हाही तेच. डेमोक्रॅटिक बाजूला एवढं वजन कुणा एकाचं नाही. पैशाचंही नाही. शिक्षक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि सहांपैकी एक उमेदवार शॉन स्पिलर यांच्यासाठी संघटनेशी संबंधित गटाने कोट्यवधी डॉलर ओतले, आणि मतं दहा-अकरा टक्क्यांवर थांबली. खर्चाचा आकडा बघून भाव वाढायला लागला, तर मी तिकडे फार लक्ष देत नाही.

कुठलीच घटना सापडली नाही आणि तरीही भाव हलला, तर परत पायरी ५ वर जा.

पायरी ७: पोलशी ताडून पाहा, पण दोनदा मोजू नका

बाजारातली माणसं तेच पोल, म्हणजे मतदारांच्या जनमत चाचण्या, वाचत असतात. 'पोलही तेच सांगतो आणि बाजारही' याला दोन पुरावे म्हणता येत नाही. बाजार वेगळं काही सांगत असेल, तेव्हाच तो कामाचा.

प्रायमरीचे पोल तसेही अवघड असतात. कोण मतदानाला जाईल हेच माहीत नसतं, उमेदवार एकाच पक्षाचे असल्याने लोक शेवटच्या आठवड्यात मत बदलतात आणि 'ठरलं नाही' म्हणणारे पुष्कळ असतात. २०१८ मध्ये फ्लोरिडाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत अँड्र्यू गिलम बहुतेक पोलमध्ये मागे होते. ते ३४ टक्के घेऊन ग्वेन ग्रॅहम यांच्यावर मात करून गेले. न्यू जर्सीच्या प्रायमरीनंतर दोनच आठवड्यांनी, नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या प्रायमरीत बाजार कित्येक महिने अँड्र्यू कुओमो यांच्या बाजूने होता. मतदानाच्या आदल्या दिवशी आलेल्या एमर्सन कॉलेजच्या पोलमध्ये पसंतीक्रमाच्या शेवटच्या फेरीत झोहरान ममदानी पुढे दिसले, आणि जिंकलेही तेच. उमेदवार तरुण मतदारांना आणि पहिल्यांदा मत देणाऱ्यांना बाहेर काढत असेल, तर पोल आणि भाव दोन्ही मागे राहू शकतात. अशा उमेदवाराच्या कमी भावाला मी थोडं वर धरतो.

पायरी ८: दोन बाजार जोडून तिसरा आकडा काढा

ही पायरी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती फुकटात पक्षातल्या वादावर बोलते. समजा एका उमेदवाराचा प्रायमरी जिंकण्याचा भाव ६८ आणि थेट गव्हर्नर होण्याचा भाव ६० आहे. ६० ला ६८ ने भागलं की ८८ येतात. म्हणजे बाजाराच्या मते, प्रायमरी जिंकली तर नोव्हेंबरमध्ये तो जिंकायची शक्यता ८८ टक्के. आता 'कुठला पक्ष जिंकेल' या तिसऱ्या बाजारात त्याच पक्षाचा भाव ८५ असेल, तर बाजार त्याला पक्षातल्या इतरांपेक्षा किंचित मजबूत समजतो.

वरच्या उमेदवारांपुरतंच हे करा. प्रायमरीत ३ आणि गव्हर्नरपदाला ३ असा भाव असेल, तर उत्तर १०० टक्के येतं आणि त्याला काडीचा अर्थ नसतो. लहान भावांत एका सेंटच्या फरकानेही भागाकार कुठच्या कुठे जातो.

पायरी ९: मतमोजणीच्या रात्री

न्यू जर्सीत मतदान रात्री ८ ला संपतं. जूनमध्ये ते भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच. त्या वर्षी ३ ते ८ जून प्रत्यक्ष जाऊन आगाऊ मतदान करायची सोय होती. टपालाने आलेली मतं, वेळेत पोस्टाचा शिक्का असेल, तर नंतरही काही दिवस मोजली जातात. कुठली मतं आधी मोजली जातात आणि कुठल्या काउंटीचे आकडे आधी येतात, यावर पहिला तास अवलंबून असतो. दक्षिण जर्सीतून आधी आकडे आले, तर तिथलेच उमेदवार स्टीव्ह स्वीनी मोठे दिसणार. नेवार्कमधून आले तर बराका. म्हणून आधीच कागदावर लिहून ठेवा: कुठल्या उमेदवाराचा गड कुठला आणि तिथून त्याला किती यायला हवेत. पहिल्या अर्ध्या तासात भाव दहा सेंटने हलला, तर आधी त्या कागदाकडे पाहा.

पायरी १०: वही ठेवा

दर आठवड्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, तारीख, भावाचा पट्टा, दुरुस्त केलेली शक्यता आणि तुमचा स्वतःचा अंदाज लिहा. निकालानंतर गुण द्या: तुम्ही ०.८ म्हणालात आणि उमेदवार जिंकला, तर १ वजा ०.८ म्हणजे ०.२, त्याचा वर्ग ०.०४. हरला तर ०.८ चा वर्ग ०.६४. आकडा जितका लहान, तितका अंदाज चांगला. हा ब्रायर स्कोअर. बाजाराचा आणि तुमचा असे दोन स्तंभ ठेवा.

एका निवडणुकीवरून बाजार बरोबर की चूक हे ठरत नाही. ८० टक्क्यांवरचा उमेदवार पाचातून एकदा हरायलाच हवा. कधीच हरला नाही, तर ते भावच चुकीचे. वीस-पंचवीस लढती वहीत आल्या की कळायला लागतं, की बाजार कुठल्या जातीच्या प्रायमरीत बरा आणि कुठे ढिला. गव्हर्नरपदाच्या बहुतेक निवडणुका सम वर्षांत एकदम येतात, न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया विषम वर्षांत, त्यामुळे वही भरायला वेळ लागत नाही. सुरुवात करायची असेल तर दोन फेऱ्यांची पद्धत असलेलं एक राज्य आणि एकाच फेरीत निकाल लावणारं एक राज्य घ्या, आणि दोन्हींचे नियम पहिल्या पानावर स्वतःच्या शब्दांत उतरवा.